माया राजाची समाधी कशी वाचावी

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बारा जण जगाचा इतिहास वाचायला बसतो. मागे आम्ही सलग तीन रविवार एकच वास्तू वाचली. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात पालेंके हे प्राचीन माया नगर आहे आणि तिथल्या राजा पकालची समाधी ही ती वास्तू. समाधीविषयी वाचणे निराळे आणि समाधी वाचणे निराळे. पहिल्यात दुसऱ्याने काढलेले निष्कर्ष आपल्या हाती येतात, तर दुसऱ्यात दगड, रंग, दिशा आणि वस्तूंची मांडणी यांवरून त्या लोकांचा मृत्यूविषयीचा विश्वास आपल्याला टप्प्याटप्प्याने उलगडावा लागतो. घरी, शाळेत किंवा वाचनालयात असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी आमची पद्धत इथे देत आहे.

सुरुवात पकालपासूनच करावी, असा माझा आग्रह आहे. किनिच हनाब पकाल इ. स. ६०३ मध्ये जन्मला, ६१५ मध्ये म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला. त्याची समाधी लुटारूंच्या हाती लागली नाही, तिच्यावर नावे आणि तारखा कोरलेल्या आहेत आणि तिच्या झाकणावर एक मोठे चित्र आहे. न हललेल्या वस्तू, लेख आणि चित्र ही तिन्ही साधने एकाच जागी मिळणे दुर्मीळ असते. नवख्या वाचकाला चूक झाली तर ती इथेच पडताळून पाहता येते.

एक गैरसमज आरंभीच दूर करावा. 'माया' या लोकनामाचा आपल्या 'माया' या शब्दाशी किंवा महाभारतातल्या मयासुराशी काहीही संबंध नाही. तो केवळ उच्चाराचा योगायोग आहे. आमच्या पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघाला आणि तो तिथेच मिटवला हे बरे झाले, कारण असा धागा एकदा मनात गुंतला की पुढचे प्रत्येक चित्र त्याच धाग्यात ओवले जाते. माया लोक नामशेष झालेले नाहीत, हेही सर्वांना सांगावे. पालेंकेच्या परिसरात आजही चोल आणि त्सेल्ताल या माया भाषा घराघरांत बोलल्या जातात. आपण ज्याची समाधी उघडून पाहतो आहोत तो कोणाचा तरी पूर्वज आहे, हे भान ठेवूनच पुढे जावे.

तयारी आणि वहीचे तीन रकाने

साहित्य थोडेच लागते. झाकणावरच्या कोरीवकामाचे रेषाचित्र आणि एक छायाचित्र मिळवून त्यांच्या ए-थ्री आकाराच्या प्रती काढाव्यात. आम्ही त्या गोखले रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काढल्या. शिवाय खडू, मोजपट्टी, रंगीत पेन्सिली आणि प्रत्येकाची एक वही एवढे पुरते.

वहीचे पान उभे तीन भागांत विभागावे आणि त्यांना 'दिसते', 'लिहिले आहे' आणि 'वाटते' अशी नावे द्यावीत. डोळ्यांना जे दिसते ते पहिल्या रकान्यात जाईल. कोरीव लेखातून अभ्यासकांनी जे वाचले आहे ते दुसऱ्यात जाईल. या दोहोंवरून आपण किंवा इतरांनी बांधलेला अर्थ तिसऱ्यात जाईल. संपूर्ण अभ्यासाचा कणा हाच आहे आणि यात ढिलाई झाली तर हाती केवळ सुरस कथा उरतात.

भिंतींवरच्या आकृत्यांचे उदाहरण घेऊ. समाधीगृहाच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या नऊ मानवी आकृती आहेत, हे पहिल्या रकान्यात लिहावे. उत्खनन करणाऱ्या विद्वानांना त्या रात्रीच्या नऊ देवता वाटल्या आणि पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना त्या पकालच्या पूर्वजांच्या प्रतिमा वाटल्या. ही दोन्ही मते तिसऱ्या रकान्यात शेजारीशेजारी राहतील. अर्थ बदलला तरी नऊ आकृती नऊच राहतात, आणि हे कळण्यासाठीच रकाने वेगळे ठेवायचे असतात.

आधी माप, मग अर्थ

दगडी शवपेटीचे झाकण सुमारे ३.८ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि सुमारे पाव मीटर जाड आहे. ही मापे नुसती वाचू नयेत, खडूने जमिनीवर आखावीत. आम्ही सभागृहाच्या फरशीवर साडेबारा फूट लांब आणि सव्वासात फूट रुंद चौकट आखली, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अहो, आमच्या हॉलमध्ये एवढं ठेवलं तर दारापर्यंत जायला वाट उरायची नाही." मग त्यांनी स्वतःच पुढचा प्रश्न विचारला की, एवढी एकसंध शिळा अरुंद जिन्यावरून खाली नेली तरी कशी.

उत्तर असे की ती जिन्यावरून नेलेलीच नाही, कारण ती त्यातून जाऊच शकत नाही. शवपेटी आणि झाकण आधी जागेवर बसले आणि त्यांच्याभोवती सुमारे सात मीटर उंचीचे समाधीगृह, त्यावर पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आणि माथ्यावर मंदिर हे सारे नंतर उभे राहिले. म्हणजे आज ज्याला 'शिलालेखांचे मंदिर' म्हणतात ती सगळी वास्तू एका शवपेटीसाठी रचली गेली. पकालने हे काम हयातीतच सुरू केले होते आणि त्याच्या मागून त्याचा मुलगा किनिच कान बाहलाम याने ते पूर्ण केले. राजाच्या मृत्यूची तयारी हा राज्याच्या धर्मकार्याचा केवढा मोठा भाग होता, हे खडूच्या चौकटीने आम्हाला एकही चित्र पाहण्याआधी सांगितले.

वरून खाली उतरावे

समाधी ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने वाचावी. आल्बेर्तो रूझ लुइलिए या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाच्या असे लक्षात आले की माथ्यावरच्या मंदिराच्या फरशीतल्या एका शिळेला भोके आहेत, ती दगडी बुचांनी बंद केलेली आहेत आणि भिंती फरशीवर न थांबता खाली गेलेल्या आहेत. शिळा उचलल्यावर दगडमातीने ठासून भरलेला जिना लागला. तो मोकळा करायला उत्खननाचे चार हंगाम लागले आणि १५ जून १९५२ रोजी ते समाधीगृहाच्या दाराशी पोहोचले.

दाराच्या बाहेर एका पेटीवजा जागेत पाच-सहा माणसांचे अवशेष होते. आमच्यातल्या एकांना हा भाग मुलांसमोर वगळावा असे वाटले. मी तो वगळला नाही आणि वाचकांनीही वगळू नये. राजाबरोबर काही माणसांना ठार मारून पाठवणे हा त्या धर्माचा भाग होता. समाधीतले जेड (हिरवा मौल्यवान दगड) आणि कोरीवकाम पाहून आपण भारावून जातो, त्याच समाधीच्या उंबऱ्यावर ही माणसे पडलेली आहेत. त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत, म्हणून वहीत 'लिहिले आहे' हा रकाना इथे मोकळा ठेवावा. तो मोकळा रकानाही पुष्कळ काही सांगतो.

जिना उतरताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, आणि माझ्या मते ती या वास्तूतली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. शवपेटीपासून निघालेली एक पोकळ नळी पायऱ्यांच्या कडेकडेने थेट वरच्या मंदिराच्या फरशीपर्यंत जाते. खाली तिला सापाचा आकार दिलेला आहे. जिना दगडमातीने बुजवला, दार शिळेने बंद केले, फरशीवर शिळा बसवली, पण ही नळी मात्र मोकळी ठेवली. हवा किंवा प्रकाश आत सोडण्यासाठी एवढ्या बारीक वाटेचा उपयोग नव्हता. मेलेला राजा आणि वर पूजा करणारे वंशज यांच्यात श्वासाची किंवा शब्दाची ये-जा चालू राहावी यासाठीच ती ठेवली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आराखडा काढताना ही नळी लाल पेन्सिलीने काढावी, कारण पुढचे सारे अर्थ तिच्याशी ताडून पाहायचे आहेत.

झाकण उभे धरून खालून वर वाचावे

झाकणाच्या चित्राला आम्ही एक पूर्ण रविवार दिला. पहिला नियम असा की कागद उभा धरावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हे चित्र आडवे करून त्यात यानात बसलेला अंतराळवीर पाहण्याची टूम निघाली आणि आजही मोबाइलवर ती फिरत असते. कागद उभा धरला आणि शेजारी पालेंकेतलीच इतर शिल्पे ठेवली की हा भास तिथल्या तिथे संपतो, कारण 'यानाचा' प्रत्येक भाग इतर शिल्पांत झाड, पक्षी आणि साप म्हणून स्वतंत्रपणे भेटतो.

आता खालच्या कडेपासून सुरुवात करावी. सर्वांत खाली मांस नसलेले हाडांचे दोन जबडे वर उघडलेले आहेत. हे पाताळाचे तोंड. त्यात एक पात्र आहे आणि पात्रावर सूर्याचे चिन्ह आहे. पात्राच्या वर राजा मागे रेललेला आहे. त्याच्या मागून क्रूसाच्या आकाराचे झाड वर गेले आहे, झाडाच्या फांद्यांवरून दोन तोंडांचा साप लोंबतो आणि शेंड्यावर एक दिव्य पक्षी बसलेला आहे. लांब कडांच्या पट्ट्यांवर सूर्य, चंद्र आणि तारे यांची चिन्हे आहेत. पाताळ, पृथ्वी आणि आकाश असे तीन थर आणि त्या तिन्हींना जोडणारे विश्ववृक्षाचे खोड एवढे आमच्या वर्गाला सहज कळले. माया परंपरेत या वृक्षाचे नाते सेइबाशी, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीशी जोडतात. येऊरच्या जंगलात फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारी काटेसावर त्याच कुळातली आहे, त्यामुळे ठाणेकरांना त्या खोडाचा सरळसोटपणा नजरेसमोर आणणे अवघड नाही.

अडचण आली ती राजाच्या स्थितीबद्दल. तो जबड्यात पडतो आहे की जबड्यातून वर येतो आहे, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी आठवीतली एक मुलगी चित्र हातात घेऊन म्हणाली, "सर, हा पडत नाहीये. तान्हं बाळ पाठीवर पडून पाय वर घेतं ना, तसा आहे तो." अभ्यासकांनीही नेमके हेच टिपलेले आहे. माया कलेत बालदेवता याच ढबीत दाखवल्या जातात. राजाच्या कमरेला जेडच्या मण्यांचे जाळीदार वस्त्र आहे आणि ते मक्याच्या देवाचे वस्त्र म्हणून ओळखले जाते. ऐंशी वर्षांचा राजा मृत्यूच्या जबड्यात नवजात मक्याचा देव म्हणून दाखवलेला आहे.

मक्याचे दाणे मातीत जातात, दिसेनासे होतात आणि कोंब होऊन वर येतात. माया लोकांच्या अन्नाचा आधार मका होता आणि त्यांच्या कथांत माणूसही मक्याच्या पिठापासूनच घडवला गेला. पोपोल वुह या किचे नावाच्या माया भाषेतल्या ग्रंथात हुन हुनाहपूला शिबाल्बा नावाच्या पाताळातले स्वामी ठार करतात आणि पुढे त्याचे जुळे मुलगे तिथे उतरून त्या स्वामींना हरवतात. या पित्यात अनेक अभ्यासकांना जुन्या मक्याच्या देवाचे रूप दिसते. तो ग्रंथ आज आपल्याला अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मोपदेशकाने केलेल्या प्रतीतून माहीत आहे, म्हणजे ती प्रत पकालनंतर हजार वर्षांनी लिहिली गेली. त्यामुळे या कथेची मदत घ्यावी, पण ती वहीच्या तिसऱ्या रकान्यातच ठेवावी.

पेटीच्या बाजू आणि आतला देह

झाकणावर थांबू नये. शवपेटीच्या चारही बाजूंवर पकालचे पूर्वज जमिनीच्या भेगांतून वर येताना कोरलेले आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक फळझाड उगवलेले आहे. त्याची आई साक कुक काकाओच्या, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनते त्या झाडाबरोबर येते, तर वडील कान मो हिश नान्से नावाच्या पिवळ्या, छोट्या फळांच्या झाडाबरोबर येतात. इतरांबरोबर आवोकाडो, पेरू आणि चिकूच्या कुळातली झाडे आहेत. जांभळी नाक्याच्या बाजारात पेरू आणि चिकू आपण रोज घेतो. ही फळे मूळची अमेरिका खंडातली आहेत आणि त्या राजाच्या आजे-पणज्यांच्या रूपात दगडावर उभी आहेत. याचा अर्थ असा दिसतो की राजा मका होऊन उगवतो आणि त्याच्याभोवती त्याचे पूर्वज फळबाग होऊन उभे राहतात. मृतांना त्यांनी ओसाड जागी पाठवलेले नाही.

पेटीच्या कडेवरचा लेख या पूर्वजांच्या मृत्यूच्या तारखा देतो आणि मरण पावणे यासाठी तिथे जो शब्दप्रयोग येतो त्याचा अर्थ 'वाटेला लागला' असा होतो. हा अर्थ आपण लावलेला नाही, तो त्यांनीच लिहिलेला आहे, म्हणून तो दुसऱ्या रकान्यात जातो. तिकाल या दुसऱ्या माया नगराचा राजा हासाव चान कविल याच्या समाधीत मिळालेल्या कोरीव हाडांवर मक्याचा देव होडीत बसून इग्वाना, माकड, पोपट आणि कुत्रा यांच्याबरोबर प्रवासाला निघालेला दिसतो. वाटेचीच कल्पना तिथे पाण्यावर आलेली आहे.

१९५२ च्या नोव्हेंबरात मोटारींचे जॅक आणि लाकडाचे ओंडके लावून झाकण उचलले गेले. आत राजाचे डोके उत्तरेकडे होते. चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता आणि त्याचे डोळे शिंपला व ज्वालाकाच, म्हणजे ज्वालामुखीतली काळी काच, यांचे होते. बोटाबोटांत जेडच्या अंगठ्या होत्या, एका हातात जेडचा घन आणि दुसऱ्यात जेडचा गोल होता, तोंडात जेडचा मणी होता आणि सर्वत्र हिंगूळ, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाची लाल पूड, पसरलेला होता. रंगीत पेन्सिली इथे उपयोगी पडतात. माया विश्वरचनेत पूर्वेचा रंग लाल, पश्चिमेचा काळा, उत्तरेचा पांढरा आणि दक्षिणेचा पिवळा. मध्याचा मात्र हिरवा-निळा. हे रंग भरून पाहिल्यावर लाल हिंगुळात ठेवलेला हिरवा देह म्हणजे उगवतीच्या रंगात पुरलेला विश्वाचा मध्य, असा अर्थ समोर येतो. जेड हा पाणी, मक्याचे कोवळे पान आणि श्वास यांच्याशी जोडलेला दगड होता, म्हणून तोंडातला मणी हा जपून ठेवलेला श्वास आहे असे मानतात. वरपर्यंत मोकळी ठेवलेली नळी आता पुन्हा पाहावी. मण्याचा आणि तिचा संबंध आपोआप जुळतो.

साक्षी जुळत नाहीत तेव्हा

हाडे प्रथम तपासली गेली तेव्हा ती चाळिशी-पन्नाशीच्या माणसाची ठरवली गेली. लेख मात्र ऐंशी वर्षांचे आयुष्य सांगतात. या वादावर बरीच वर्षे चर्चा झाली आणि नंतरच्या, अधिक बारकाईच्या तपासण्यांनी वृद्ध माणसाच्या बाजूने कौल दिला. दोन साक्षी जुळत नसतील तर एकीला घाईने खोटे ठरवू नये. दोन्ही तारखांसह लिहून ठेवाव्यात आणि पुढे वाचत राहावे.

आपल्या घरातल्या गोष्टींशी तुलना सर्वांत शेवटी करावी. पहिली तुलना त्याच नगराशी करावी: पालेंकेच्या 'पर्णयुक्त क्रूसाच्या मंदिरात' मक्याच्या ताटाला कणसांच्या जागी माणसांची डोकी आहेत आणि ते पाहिल्यावर पकालच्या झाकणाविषयी शंका उरत नाही. दुसरी तुलना इतर माया नगरांशी करावी. रिओ असूलच्या समाधीतल्या फिरकीच्या झाकणाच्या भांड्यावर काकाओचा शब्द लिहिलेला आहे आणि रासायनिक तपासणीत आत काकाओचाच अंश मिळाला, हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यानंतरच आपल्याकडे वळावे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत उगवलेले धान्य आठवणे स्वाभाविक आहे आणि त्या आठवणीमुळे पुरलेल्या दाण्याविषयीची श्रद्धा मनाला जवळची वाटते, पण घट आणि शवपेटी यांचा उगम एक नाही. उत्तरेला डोके करून झोपू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तो संकेत पकालच्या देहाला लावला तर अर्थ उलटा होईल, कारण माया नगरांत उत्तर ही पूर्वजांच्या आणि आकाशाच्या बाजूची दिशा होती.

शिलालेखांच्या मंदिरातल्या सहाशेहून अधिक चिन्हगटांच्या लेखात पकालच्या राज्यारोहणाचा एक भावी वर्धापनदिन मोजलेला आहे आणि तो इ. स. ४७७२ मध्ये येतो. ज्यांनी ही तारीख कोरली त्यांच्या दृष्टीने राजाचा कारभार समाधीपाशी संपलेला नव्हता. ही नोंद वहीत नळीच्या नोंदीखाली लिहावी.

इतके झाल्यावर दुसरी समाधी घ्यावी. पकालच्या मंदिराला लागूनच असलेल्या तेराव्या मंदिरात १९९४ मध्ये एका स्त्रीची शवपेटी सापडली. देह हिंगुळाने माखलेला, चेहऱ्यावर मॅलेकाइट या हिरव्या खनिजाचा मुखवटा आणि बरोबर ठार केलेल्या दोन व्यक्ती, असे ते दफन आहे. ती पकालची राणी असावी असे मानतात. तिच्या पेटीवर एकही अक्षर कोरलेले नाही. म्हणून नवे पान उघडून तेच तीन रकाने आखावेत आणि मधला रकाना संपूर्ण कोरा ठेवून, पकालच्या समाधीने शिकवलेले रंग, दिशा आणि दगड यांच्या आधारे पहिल्या रकान्यातून तिसऱ्यापर्यंत किती अंतर जाता येते ते पाहावे.